मोजणी चालू असताना

पाऊस मोजायचा पगार मिळतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. त्या गावातलेही हसले होते. पाणीपुरवठ्याच्या आवारात तारेच्या कुंपणात एक डबा जमिनीत रोवलेला, त्यावर नरसाळं, आत बाटली. रात्रंदिवस त्यात पाऊस पडणार, आणि एक धडधाकट, शिकलासवरलेला माणूस रोज सकाळी साडेआठला ती बाटली काढून पाणी मोजणार, वहीत आकडा लिहिणार आणि मोठ्या ऑफिसला फोन करणार. याला नोकरी म्हणतात? पण सातव्या वर्षी याच माणसाच्या आकड्यावरून भोंगा वाजला, नदीकाठची खालची वस्ती वेळेत रिकामी झाली आणि दुपारी तिथल्या घरांत छातीएवढं पाणी शिरलं. तेव्हापासून हसणं बंद झालं. ‘मिलिमीटर’ हे टवाळीचं नाव होतं, त्याचं मिलिमीटरकाका झालं.

माणूस नाकासमोर चालणारा, पण जिभेला गोडवा कमीच. वाटेत कोणी अडवून विचारलं, “काका, आज पडेल का हो?” की उत्तर ठरलेलं. “मी झालेला पाऊस सांगतो. होणारा त्यालाच विचारा.” आणि वर बोट दाखवून चालू पडायचा. लग्न ठरलेल्या घरचे, छप्पर शाकारायला काढलेले, सहलीला निघालेले, सगळे एकदा तरी त्याच्याकडून हे ऐकून गेलेले.

झालेल्या पावसाबद्दल मात्र त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. बारीक भुरभुर दिवसभर चालते, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी धरते, माणसं वैतागून जातात, आणि मापाच्या ग्लासात बघावं तर जेमतेम दोन मिलिमीटर. उलट दुपारी तुमचा डोळा लागलेला असताना एक सर येऊन जाते, उठून बघता तर ऊन, आणि बाटलीत तीस. लोक पाऊस आपल्या चिडचिडीवरून मोजतात, असं त्याचं म्हणणं. म्हणायला चार महिन्यांचा पावसाळा, पण वही उघडून बघा, निम्मा पाऊस पंधरा-सोळा दिवसांत उरकलेला असतो. बाकीचे दिवस नुसता ढगांचा दिखावा. मध्येच दहा-बारा दिवस तो दडीच मारून बसतो. तेव्हाही हा गडी साडेआठला जायचा, कोरडी बाटली काढायचा, उलटी करून झटकायचा आणि वहीत शून्य लिहायचा. ठाऊकच आहे तर जायचं कशाला, असं कोणी म्हटलं की चिडायचा. बघितल्याशिवाय लिहिलेलं शून्य म्हणजे थाप, असं त्याचं साधं गणित होतं.

आता अशा माणसाला बायको कशी मिळावी? तर रेडिओ. हे नावही शेजाऱ्यांनीच ठेवलेलं, आणि ती ते मिरवायची. आवारातल्याच दोन खोल्यांच्या घरात ती सकाळी डोळे उघडायची ती बोलतच. दूधवाल्याशी, मांजराशी, न पेटणाऱ्या स्टोव्हशी, आणि कोणीच नसलं तर नवऱ्याच्या पाठीशी. तो हूं म्हणायचा. हूं वेळेवर आलं की तिचं भागायचं. मुलगी लग्न होऊन दूर गेली, तिचा रविवारी फोन आला की तासभर ही बोलायची आणि शेवटी म्हणायची, “घे, बाबांशी बोल.” बाबा म्हणायचे, “बरी आहेस ना? तिकडे किती झाला?”

या बाईच्या तोंडाला दिवसातून एकदाच कुलूप लागायचं. मोजणी चालू असताना.

त्याची गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली. मापाचा ग्लास फक्त वीस मिलिमीटरचा. थोडा पाऊस असला तर एकदा ओतला की झालं. पण दणकून झाला असेल तर ग्लास भरायचा, मनात आकडा धरायचा, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भरायचा. पाच झाले, सहा झाले. यात एक मेख आहे. मोजलेलं पाणी तुम्ही ओतून दिलेलं असतं. आकडा डोक्यातून सुटला की सुटला, परत मोजायला काही शिल्लक नसतं. त्या दिवशी तो सहाव्या ग्लासावर होता की सातव्या, आणि नवी नवरी दारातून म्हणाली, “अहो, चहात आलं घालू का?” झालं. आकडा गेला. त्याने अंदाजाने सात धरले. आठवड्याने मोठ्या ऑफिसातून पत्र आलं, की आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांचे आकडे जुळतात, तुमचाच तेवढा वर जातो, खुलासा करा. खुलासा काय करणार? आल्याचा? तो शरमेने मेल्याहून मेला झाला, आणि घरी येऊन तिला नको तितकं बोलला. मोजणी चालू असताना मला हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. तिला रडू आलं. पण तेव्हापासून एकतीस पावसाळे तिने हा शब्द पाळला. साडेआठला तो कुंपणाचं दार उघडायचा आणि ती ओठ मिटायची. ग्लास खाली ठेवून तो वहीत लिहायला लागला की मागून रेडिओ सुरू.

एकदा तपासणीला आलेल्या तरुण साहेबांनी सुचवलं, “काका, ओतून कशाला देता? बादलीत साठवा. चुकलं तर परत मोजता येईल.” साधी गोष्ट होती. पण आमचा मिलिमीटर म्हणजे हट्टाचा पुतळा. म्हणाला, “साहेब, दोनदा मोजायची सोय असली की माणूस एकदाही नीट मोजत नाही.” साहेबांना ते फार आवडलं. शेऱ्यात लिहून गेले. त्या साहेबांना एक बादली तिथेच ठेवून जायची बुद्धी झाली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या ऐन मध्यावर सलग तिसरा दिवस होता. पाऊस पडत नव्हता, ओतत होता. आवारातली झाडं दिसेनाशी झाली होती, शाळा बंद होती, नदीचा आवाज घरात येत होता. साडेआठला त्याने छत्री घेतली, बाटली काढली, तिच्या जागी दुसरी बसवली आणि कुंपणाशेजारच्या पत्र्याच्या आडोशाखाली स्टुलावर ग्लास मांडला. घराकडे पाठ. घराचं मागचं दार तिथून दहा-बारा पावलांवर. भरला, ओतला, एक. भरला, ओतला, दोन. बाटली जड होती. आज दोनशेच्या वर जाणार हे हाताला कळत होतं. दोनशेच्या वर गेला की भोंगा आणि खालची वस्ती रिकामी, हा नियम. म्हणून तो आणखीच सावकाश, ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून मोजत होता.

तो चौथ्यावर असताना ती मागचं दार लावायला आली. पाणी आत येत होतं. तिथल्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, घासायचं राहून गेलं होतं. पाय सटकला आणि ती कमरेवर आपटली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मांडीत काहीतरी मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. उठता येईना. पाय हलवायला गेली तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर दहा पावलांवर नवऱ्याची पाठ दिसत होती. ग्लास वर जात होता, खाली येत होता.

तिने हाक मारली नाही.

दातांखाली ओठ धरला आणि पडून राहिली. पावसाचे सपकारे पायांवर येत होते. पाच झाले, सहा झाले. तीही मनात मोजत होती, तेवढंच दुखण्यावरून लक्ष उडत होतं. बोलल्याशिवाय जिला घास गिळवत नाही, ती बाई मोडलेल्या खुब्यावर वीस मिनिटं गप्प पडून राहिली. का, तर मोजणी चालू होती.

अकरा ग्लास आणि वर चौदा. त्याने वही पोटाशी धरून आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि मागे वळला. मागून आवाज का आला नाही असं त्याला तेवढ्यात वाटलंच होतं. दारात ती पडलेली दिसली. छत्री तिथेच टाकून धावला. तिचे ओठ निळे पडले होते. तो गुडघ्यावर बसला, काय करावं ते कळेना, नुसता तिचा हात चोळत राहिला.

ती म्हणाली, “किती?”

“अगं काय किती? काय झालं तुला?”

“किती झाला ते सांगा आधी.”

“दोनशे चौतीस.”

“मग फोन करा जा. माझा पाय कुठे पळून जात नाही.”

त्याने फोन केला. दहा मिनिटांत भोंगा वाजला. वस्तीतली माणसं पोरंबाळं, गाद्या, भांडी घेऊन शाळेत आली, आणि सगळी वाचली. रुग्णवाहिका मात्र येऊ शकली नाही, रस्ता पाण्याखाली होता. शेजारच्या कंपाउंडरने दार बिजागरीतून काढलं, चौघांनी तिला त्यावर निजवून गुडघाभर पाण्यातून दवाखान्यात नेलं. मिलिमीटर बाजूने छत्री धरून चालत होता आणि छत्री वाऱ्याने उलटी झाली आहे याचं त्याला भान नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खुबा मोडला होता, अंग गार पडलं होतं. “किती वेळ पडून होत्या?”

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. आकडा विचारला की त्याला खरंच सांगावं लागायचं.

“अरेरे. घरात कोणी नव्हतं?”

“मी होतो.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि लिहायला घेतलं.

शस्त्रक्रिया झाली, ताप आला, चार दिवस जीव टांगणीला लागला, मग ताप उतरला. पाचव्या दिवशी ती जरा टेकून बसली होती. त्याने संत्रं सोलून फोडी हातावर दिल्या आणि इतके दिवस विचारायचं राहिलेलं विचारलं, “हाक का नाही मारलीस गं?”

“मोजत होतात ना.”

“अगं पण पाय मोडला होता तुझा.”

ती फोड खात राहिली. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली, “मारली असती तर आला असतात?”

इथे कुठलाही शहाणा नवरा म्हणाला असता, हे काय विचारणं, धावत आलो असतो. यालाही म्हणता आलं असतं. पण बघितल्याशिवाय शून्य न लिहिणारा माणूस. त्याने खरोखर मनात तो पाऊस आणला, अकरातला चौथा ग्लास आणला, खालच्या वस्तीतली घरं आणली, मागून आलेली हाक आणली, आणि बघितलं आपण काय करतो ते. त्याला नीट दिसेना.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

तिने मान हलवली. राग नाही, रुसवा नाही. “संत्रं गोड आहे,” म्हणाली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला दोन फोडी दिल्या.

घरी आणलं ती वेगळीच बाई. बोलायची नाही असं नाही. विचारलं तर सांगायची, आलेल्या-गेलेल्याशी दोन शब्द बोलायची, पण स्वतःहून काही नाही. मांजर येऊन समोर बसायचं आणि कंटाळून निघून जायचं. दूधवाला दारात उगाच रेंगाळायचा. मिलिमीटरला तर घर खायला उठायचं. एकतीस वर्षं ज्या बडबडीवर तो कुरकुरला होता, ती थांबली आणि त्याला कळलं की आपण जगत होतो ते त्या आवाजाच्या आधाराने. हूं म्हणायला सुद्धा जागा उरली नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे ती हाक मारायची नाही. चालायला चार पायांची लोखंडी चौकट मिळाली होती, तिच्यावर भार टाकून खुरडत खुरडत जायची. पाण्याचा तांब्या लांब असला तर तहान मारायची. त्याने बाजारातून एक घंटी आणून उशाशी ठेवली. “काही लागलं की वाजव.” तिने बरं म्हटलं. घंटीवर धूळ बसली. एकदा उशीखालचा चष्मा खाली पडला तर ती तासभर तशीच बसून होती, तो आत आल्यावर त्याला दिसला. तो चिडला. “हाक मारायला काय होतं तुला?”

“मुद्दाम नाही हो,” ती म्हणाली. “तोंडात येतच नाही.”

हे ऐकून त्याने बाहेर जाऊन पायरीवरचं शेवाळ घासायला घेतलं. ते कधीच घासून झालेलं होतं. तरी घासत बसला, आणि घासता घासता डोळ्यांतून पाणी येत होतं. बरं झालं, पाऊस चालू होता.

पावसाळा सरत आला. आता शेवटचा पाऊस, तो वेगळ्या स्वभावाचा. दिवसभर ऊन तापतं, संध्याकाळी ढग चढतात, कडकडाट, वारा, आणि एका रात्रीत आठवड्याचा पाऊस पाडून मोकळा. पलीकडच्या गल्लीत कोरडं आणि इकडे गटारं तुंबलेली. अशाच एका रात्रीनंतरची सकाळ. ऊन पडलं होतं, पत्र्यावरून थेंब गळत होते. साडेआठला त्याने बाटली काढली. उचलली तेव्हाच शंभराच्या आसपास असणार असं वाटलं. ग्लास मांडला. एक. दोन. तीन. चौथा भरत होता.

“अहो.”

बारीकसा आवाज होता. मांजराला हाकलताना निघतो तेवढा.

त्यानंतरचं त्याला नीट आठवत नाही. ग्लास हातात होता की ठेवला, आठवत नाही. स्टुलाला धक्का लागला असणार. बाटली कलंडली आणि उरलेलं सगळं पाणी मातीत गेलं, ते त्याने बघितलं नाही. पायात एकच चप्पल घेऊन तो दारात पोचला होता.

ती खाटेच्या आणि कपाटाच्या मध्ये उभी होती. चौकटीचा एक पाय सतरंजीच्या सुरकुतीत अडकला होता, पुढे जाता येईना, मागे बसता येईना. पडायला आली नव्हती. नुसती अडकली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या ओल्या हाताकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि चेहरा पांढरा पडला.

“मोजत होतात?”

“हो.”

“मग?”

“मग काय. हाक मारलीस ना.”

त्याने वाकून सतरंजी सरळ केली, तिच्या बगलेत हात घालून तिला खाटेवर बसवलं. ती त्याच्या दंडाला धरून राहिली. सोडेना. खिडकीतून तिला आडवी पडलेली बाटली दिसली.

“अहो, ती बाटली बघा. सगळं गेलं की.”

“गेलं.”

“आता काय लिहिणार?”

“बघू.”

“बघू काय? एकतीस वर्षांत एक जागा कोरी नाही तुमची. आणि आज कशासाठी? सतरंजीसाठी? मला म्हणायचं ना, थांब म्हणून. मी काय पडत होते का? थांबले असते दोन मिनिटं. इतका कसा हो वेंधळा माणूस, बाटली तरी सरळ ठेवून यावं. आणि चप्पल कुठे आहे दुसरी? त्या चिखलातून तसेच आलात, आता ही लादी कोण पुसणार, मी? मला तर वाकता येत नाही...”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. दूधवाला कुंपणाशी येऊन थबकला, ऐकत राहिला. मिलिमीटर खाटेच्या कडेवर तिच्या शेजारी बसला होता. जिथे जागा मिळेल तिथे हूं म्हणत होता.

नऊ वाजून गेले तेव्हा मोठ्या ऑफिसातूनच फोन आला. तिथला कारकून काळजीत होता. या केंद्राचा आकडा कधी पाच मिनिटंसुद्धा उशिरा आलेला नव्हता.

“काका, आज किती?”

“आज आकडा नाही.”

“नाही म्हणजे? निरंक लिहू?”

“निरंक नाही. पाऊस भरपूर झाला. मोजला नाही.”

“रकाना कोरा सोडता येत नाही हो, काका. कारण लिहावं लागतं. यंत्र बिघडलं म्हणून लिहू का?”

“यंत्र चांगलं आहे.”

“मग काय लिहू?”

मिलिमीटरने आतल्या खोलीकडे बघितलं. आत ती मांजराला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होती.

“लिहा,” तो म्हणाला. “मोजणी चालू असताना बायकोने हाक मारली. गेलो.”